बोट नियमाकडे दाखवा

परवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात जेवताना तुम्ही एक मोबाइल हातोहात फिरवत होतात. अमेरिकेतल्या शाळकरी मुलींच्या उंच उडीचा व्हिडिओ होता. त्यातली एक मुलगी ट्रान्स आहे. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली आणि आज ती मुलगी म्हणून जगते. तुम्ही तिच्या छातीवर बोललात, मांड्यांवर बोललात, आवाजाची नक्कल केलीत. पुरुष होते तसे बायकाही होत्या. शेजारच्या ताटांवर तुमची स्वतःची सातवी-आठवीतली लेकरं बसलेली होती आणि ती कान देऊन ऐकत होती. मी तिथं बोलले नाही, कारण लेकरांच्या देखत आईबापांचा पाणउतारा करणं मला पटत नाही. म्हणून आता लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा.

शाळकरी पोरीच्या शरीराबद्दल चाळिशीतल्या माणसांनी जेवताना चवीनं बोलायचं नसतं. ती ट्रान्स असो वा नसो, कॅलिफोर्नियातली असो वा आपल्या पेठेतली. यावर वाद होऊ शकत नाही आणि मी तो करणारही नाही. तुमच्यापैकी ज्यांना ‘एवढं काय झालं’ असं वाटतंय त्यांनी आज रात्री आपल्या मुलीला विचारावं, की पंगतीतलं ते बोलणं ऐकताना तिला काय वाटलं.

तुम्ही जे पाहिलंत ते काय होतं, हे तरी कुणाला ठाऊक होतं का? मी नंतर एकेकाला विचारलं. कुणी ऑलिंपिक म्हणालं, कुणी कॉलेजची स्पर्धा. ती मे 2025च्या अखेरीला फ्रेस्नोजवळच्या क्लोव्हिस या गावी झालेली कॅलिफोर्नियाची शालेय राज्यस्पर्धा होती. त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या एका मुलीच्या खेळण्यावरून राज्याचा केंद्रीय निधी रोखण्याची धमकी दिली होती. एका शाळकरी खेळाडूवरून एका राज्याचा निधी! स्पर्धा सुरू असताना मैदानावरून फलक लावलेलं विमान घिरट्या घालत होतं. खाली पोरं उड्या मारत होती आणि वर मोठी माणसं पैसे खर्चून त्यांच्यातल्या एकीविरुद्ध विमान उडवत होती.

राज्याच्या क्रीडा संघटनेनं ऐन वेळी नियमात बदल केला. तिच्या प्रकारांत एक जागा वाढवली आणि ती जिथं येईल तिथं तिच्या मागच्या मुलीचा क्रमांक खाली ढकलला जाणार नाही असं ठरवलं. उंच उडीत तिघींनी तीच उंची पार केली आणि तिघींना पहिला क्रमांक मिळाला. तिहेरी उडीतही तिनं पहिला क्रमांक एका मुलीबरोबर वाटून घेतला. हा तोडगा बरोबर की चूक यावर भांडा, जरूर भांडा. तो घाईत काढलेला होता आणि त्यानं कुणाचंच पूर्ण समाधान झालं नाही. पण त्या मैदानावर नियम बदलला गेला आणि मुली त्या नियमाप्रमाणे खेळल्या, एवढं तुम्हाला माहीत असतं तर मग कदाचित तोंडात दुसरे शब्द आले असते.

आता मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणेल, “बाई, पण प्रश्न खोटा आहे का?” नाही, प्रश्न खोटा नाही. माझं सगळं आयुष्य मैदानावर गेलं, मला तो तुमच्यापेक्षा जास्त कळतो. वयात येण्याआधी मुलामुलींच्या धावण्यात फारसा फरक नसतो. पाचवीच्या शर्यती मी एकत्र घेत असे आणि पुष्कळदा मुली पुढं असत. आठवी-नववीपासून चित्र पालटतं. टेस्टोस्टेरॉन वाढतं, मुलांची उंची आणि हाडं वाढतात, स्नायू भरतात, रक्तात हिमोग्लोबिन वाढतं. वरच्या दर्जाच्या धावण्यात हा फरक साधारण 10 ते 12 टक्के भरतो आणि उड्यांत त्याहून जास्त. शंभर मीटरमध्ये दहा टक्के म्हणजे दहा मीटरचं अंतर. वयात आल्यानंतर औषधांनी हार्मोन खाली आणलं तरी उंची आणि हाडं मागं जात नाहीत, आणि स्नायूंची ताकद वर्षभरात थोडीच घटते. म्हणून तर मुलींची स्पर्धा वेगळी ठेवावी लागते. अमेरिकेत 1972 साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला तेव्हा तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्याही आत होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. हा गट लढून मिळवलेला आहे. तो राखायला हवा असं एखाद्या धावपटू मुलीला वाटलं तर ती दुष्ट ठरत नाही.

हे मी तुमच्यातल्या त्या एकीलाही सांगते आहे, जी हसली नाही पण उठून म्हणाली, की असा प्रश्न विचारणारे सगळेच द्वेषानं भरलेले आहेत. चौथ्या क्रमांकावर येऊन अंतिम फेरी हुकलेली पोर मी पाहिली आहे. पहाटे उठून, एस.टी.नं येऊन, वर्षभर घाम गाळून ती तिथवर पोहोचलेली असते. तिला ‘तुझा प्रश्न म्हणजे द्वेष’ असं सांगणं हासुद्धा पोरीवर अन्यायच आहे. ज्याला मैदानाची माहिती नाही त्यानं इतक्या लवकर निकाल देऊ नये.

कनेटिकट राज्यातलं उदाहरण घ्या. तिथल्या शालेय संघटनेचा नियम असा होता, की विद्यार्थी ज्या लिंगाचा म्हणून शाळेत वावरतो त्या गटात खेळेल. 2017पासून दोन ट्रान्स मुली तिथं धावण्याच्या शर्यती जिंकत गेल्या. त्यांच्याबरोबर धावणाऱ्या काही मुलींना तो नियम अन्यायाचा वाटला. त्यांनी फेब्रुवारी 2020मध्ये दावा लावला तो क्रीडा संघटनेवर आणि शाळा मंडळांवर, म्हणजे नियम करणाऱ्यांवर. दाव्यानंतर काही दिवसांतच तक्रारदार मुलींपैकी एकीनं त्या दोन ट्रान्स धावपटूंपैकी एकीला 55 मीटरच्या शर्यतीत हरवलं. डिसेंबर 2023मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठानं या मुलींना दावा चालवण्याचा अधिकार आहे असं ठरवलं. त्या पोरींशी तुमचं मत जुळो न जुळो, त्यांची वागण्याची रीत बघा. शर्यतीत उतरल्या, धावल्या, जिंकल्या-हरल्या, आणि गाऱ्हाणं जिथं मांडायचं तिथं मांडलं.

दुसरं टोक वेस्ट व्हर्जिनियाचं. तिथं 2021मध्ये बंदीचा कायदा झाला आणि त्याविरुद्ध अकरा वर्षांची एक ट्रान्स मुलगी कोर्टात गेली. तिनं वयात येण्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घेतली होती, त्यामुळे मुलाचं वयात येणं तिच्या शरीरात घडलंच नाही. शाळेच्या क्रॉस-कंट्रीत ती मागून पहिल्या काही जणींत येई. पुढं हायस्कुलात तीच मुलगी थाळीफेकीत राज्यात तिसरी आली. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापला पुरावा एकाच मुलीत सापडतो. अशा मुलांना कितपत फायदा मिळतो, याचा अभ्यास अजून फार थोडा आहे. वेस्ट व्हर्जिनियाचं हे प्रकरण आणि आयडाहोचं असंच एक प्रकरण 2025च्या जुलैत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सुनावणीला घेतली. डॉक्टर, वकील, न्यायाधीश ज्यावर वर्षानुवर्षं डोकं खपवतात, त्यावर तुम्ही बासुंदीची वाटी संपेपर्यंत निकाल दिलात.

पण माझा राग या उतावळेपणावर कमी आहे. मला खरी भीती आहे ती तुमच्या नजरेची. ती नजर कुठवर जाते हे युटा राज्यात जगानं पाहिलं आहे.

मार्च 2022मध्ये युटाच्या विधिमंडळानं ट्रान्स मुलींना मुलींच्या शालेय स्पर्धांत बंदी घालणारा कायदा मंजूर केला. गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स हे त्याच बहुमतातल्या रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी 22 मार्चला तो नाकारला आणि पत्रात हिशेब मांडला. राज्यात शाळेतून खेळणारी मुलं 75,000. त्यांतली ट्रान्स 4. त्या चौघांतली मुलींच्या संघात खेळणारी 1. आपल्याला हा विषय पुरता समजत नाही हेही त्यांनी प्रांजळपणे लिहिलं आणि ही मुलं जगावीत असं आपल्याला वाटतं असं सांगितलं. तीन दिवसांनी विधिमंडळानं त्यांचा नकार मोडून कायदा लागू केला.

याच राज्यात काय झालं ते नीट ऐका, कारण हे तुमच्या मुलींबद्दल आहे. एका राज्यपातळीवरच्या स्पर्धेत एक मुलगी मोठ्या फरकानं पहिली आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या मुलींच्या आईबापांनी संघटनेकडे तक्रार केली, की ही मुलगी आहे का ते तपासा. संघटनेनं तपासलं. तिच्या शाळेकडून, आधीच्या शाळांकडून, थेट बालवाडीपर्यंतची कागदपत्रं मागवून पाहिली. मुलीला सांगितलं नाही, घरच्यांना सांगितलं नाही. सगळ्या नोंदी ती मुलगी असल्याच्याच होत्या. ती पहिल्यापासून मुलगीच होती. तिचा गुन्हा एवढाच, की ती फार पुढं निघून गेली होती. ऑगस्ट 2022मध्ये संघटनेच्या प्रतिनिधीनं हे स्वतः आमदारांच्या समितीपुढं सांगितलं, आणि अमुक खेळाडू पुरेशी मुलीसारखी दिसत नाही अशाही तक्रारी येतात असं सांगितलं.

त्या दोन घरांतल्या आईबापांचा मी पुष्कळ विचार केला. आपली लेक दुसरी आली. राज्यात दुसरी! त्या दिवशी तिला जवळ घ्यायचं, पाठ थोपटायची, पुढच्या वर्षी कुठं सुधारायचं ते तिच्या प्रशिक्षकाशी बोलायचं. ते सोडून ही माणसं दुसऱ्याच्या लेकीच्या शरीराची चौकशी लावायला गेली. आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीनं यातून काय घेतलं? हेच, की आपल्यापेक्षा जोरात धावणारी मुलगी खरी मुलगी असूच शकत नाही. असं शिकलेली पोर स्वतः कधी जोरात धावेल का?

याच युटात फेब्रुवारी 2024मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाच्या एक निवडून आलेल्या सदस्या नॅटली क्लाइन यांनी शाळेच्या बास्केटबॉल संघातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीचा फोटो समाजमाध्यमावर टाकला आणि ती मुलगी नसावी असं सुचवलं. लोक त्या पोरीवर तुटून पडले. शाळेला तिच्या सुरक्षेची व्यवस्था करावी लागली. ती मुलगीच होती. केस आखूड, अंगानं दणकट, एवढंच. मंडळानं क्लाइन यांचा निषेध करून राजीनामा मागितला. पण त्या मुलीची ती आठवडाभराची झोप कुणी परत दिली? शिक्षण मंडळावरची बाई! जिच्या हाती राज्यातली सगळी लेकरं सोपवली होती ती.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतलं. तर मग आपल्याकडचं सांगते. तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत एका शाळेची पोर पाठलागाला उभी राहिली की समोरचा संघ भराभर बाद होई. उंच होती, केसांचा बॉयकट होता, आवाज घोगरा होता. हरणाऱ्या संघाबरोबर आलेले मोठे लोक पंचांकडे गेले आणि म्हणाले, हिला आत नेऊन बघा. मी तिथं उभी होते. मी नाही म्हणाले आणि तपासणी झाली नाही, पण पोरीनं ते ऐकलं होतं. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. तिची आई म्हणाली, “नको बाई, लग्नाच्या वेळी लोक हेच काढतील.” आमच्या तालुक्यानं त्या दिवशी एक राज्यपातळीची खेळाडू गमावली.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली शांती सौंदरराजन डिसेंबर 2006मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये रौप्यपदक जिंकली. वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातली लेक. लिंगचाचणीच्या निकालानंतर पदक काढून घेतलं आणि तिचं खासगीपण साऱ्या जगानं चघळलं. तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढं काही काळ तिनं वीटभट्टीवर रोजंदारी केली. ओडिशाची द्युती चंद 2014मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळली गेली, तिच्या शरीरात निसर्गतः टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून. ती गप्प बसली नाही. क्रीडा लवादात गेली, जुलै 2015मध्ये त्या नियमाला स्थगिती मिळवली आणि 2018च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदकं घेऊन आली. या दोघी ट्रान्स नव्हत्या. मुली म्हणून जन्मल्या, मुली म्हणून वाढल्या. तुमच्या पंगतीत मात्र त्यांना आणि त्या कॅलिफोर्नियाच्या मुलीला तुम्ही एकाच शिवीत बसवलं असतंत, कारण तुम्हाला फरक ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं मार्च 2023मध्ये पुरुषाच्या वयात येण्यातून गेलेल्या ट्रान्स स्त्रियांना जागतिक स्पर्धांच्या महिला गटातून वगळलं आणि 2025च्या जागतिक स्पर्धेपासून महिला गटासाठी आयुष्यात एकदा जनुकीय चाचणी लावली. याच्या बाजूचे आहेत, विरोधातले आहेत. ऑलिंपिकमध्ये अशी चाचणी पूर्वी होती. 1996च्या अटलांटा स्पर्धेत तीन हजारांवर स्त्रिया तपासल्या, आठ जणींचा निकाल वेगळा आला आणि अखेर आठही जणींना खेळू दिलं गेलं. पुढं ती चाचणीच बंद केली. एवढा गुंता आहे यात. पण जागतिक संघटनेचा हा नियम जगातल्या सर्वोच्च खेळाडूंसाठी आहे. तो तालुक्याच्या मैदानावर, चौदा वर्षांखालच्या पोरींवर, हरलेल्या संघाच्या पालकानं राबवायचा नसतो. शाळेतला खेळ हा आधी शिक्षण असतो. कुठल्या वयापासून, कुठल्या पातळीवर, कुठला नियम, हे क्रीडा खात्यानं आणि शाळांनी डॉक्टरांना बरोबर घेऊन ठरवावं. माझं मत विचाराल तर राज्य-राष्ट्रीय पदकांच्या पातळीवर वयात येण्याचा विचार नियमात यावा, आणि त्याखाली शाळेच्या मैदानावर प्रत्येक मुलाला खेळायला मिळावं. तुमचं मत वेगळं असेल तर संघटनेला लिहा, सहीनिशी. कुठल्याही मुलीचा फोटो त्याला जोडू नका.

आणि निष्पक्ष स्पर्धेचा तुम्हाला आलेला हा पुळका. ‘आमच्या मुलींवर अन्याय’ असं तुमच्यातला जो सर्वांत मोठ्यानं बोलत होता, त्यानं आपल्या मुलाचा जन्मदाखला दीड वर्षानं धाकटा करून त्याला सतरा वर्षांखालच्या गटात उतरवलं आहे. मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. वयचोरीनं आपल्या शालेय खेळाची जेवढी नासाडी केली तेवढी दुसऱ्या कशानं केली नसेल. केंद्र सरकारला 2010 साली त्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता काढावी लागली, हाडांच्या तपासण्या कराव्या लागल्या. मोठ्या हाडाच्या पोरापुढं लहान पोराला उभं करून पदक आणि दहावीचे क्रीडागुण लाटायचे, आणि सातासमुद्रापलीकडच्या एका मुलीवरून न्यायाच्या गप्पा मारायच्या. हे मी खपवून घेणार नाही.

तुमच्यातल्या कितीजणांच्या मुली खेळतात? सातवीपर्यंत ज्यांना मी धावताना पाहिलं, त्या पाळी सुरू झाली की मैदानावरून नाहीशा होतात. शाळेत बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, परतीच्या एस.टी.ला अंधार होतो, उन्हानं काळी पडेल, दहावी जवळ आली. मी घरोघर जाऊन विनवण्या केल्या आहेत आणि तुमच्यातल्या काहींनी मला दारातून परत पाठवलं आहे. आपल्या मुलींचा खेळ कुठल्याही ट्रान्स मुलीनं बंद पाडलेला नाही. तो आपण बंद पाडला आहे.

आणखी एक. आपल्या शाळेतही असं लेकरू असेल. पूर्वीही असणार, मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, सांगायची कुणाची छाती नव्हती. आज ते तुमच्याच घरात ताटावर बसलेलं असू शकतं. तुम्ही व्हिडिओ पाहून हसत होतात तेव्हा ते मान खाली घालून भात कालवत असेल. त्याला त्या रात्री कळलं असेल, की या घरात आपण तोंड उघडायचं नाही.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा पावसाळा संपताच सुरू होतील. आपापल्या मुलींची नावं द्या, दाखले खरे द्या आणि त्या दिवशी कामाला सुट्टी टाकून मैदानावर या. स्वच्छतागृहाच्या कडीचं काम तुमच्या बॅचनं वर्गणीतून करावं, मुख्याध्यापकांशी मी बोलते. आणि मैदानावर कुणी एखाद्या पोरीकडं बोट दाखवून ‘ही मुलगीच आहे का’ असं विचारलं, तर ती पोर ऐकायच्या आत त्या माणसाला गप्प करा.